अळंबीचं सूप : जिनिंग बंद असतानाच्या नोंदी

९ जून, रविवार

जिनिंग, म्हणजे आमचा कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद होऊन सव्वा महिना झाला. रोलर उतरवून ठेवले, चामडी चकत्यांची ऑर्डर गेली. दसऱ्याच्या आगेमागे कापूस येईपर्यंत फिटरला काम म्हणजे तेलपाणी आणि गंज खरवडणं. मशीनच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. रोज काहीतरी लिहायची सवय सुटत नाही, म्हणून इथेच लिहितो.

काम : सूप.

कारण : नानांच्या खालच्या दाढा काढल्या. हिरड्या भरून आल्याशिवाय कवळीचं माप घेता येत नाही, तोवर दोन-अडीच महिने मऊ खाणं. दुधात कुस्करलेली भाकरी खातात, पण औषध घ्यावं तशी. शेवेची भाजी मागतात आणि रस्सा झोंबला की ताट ढकलतात. काल पाकिटातलं मशरूम सूप करून दिलं. दोन घोट घेतले, वाटी बाजूला सरकवली. "खय शे हाई," म्हणाले. खय म्हणजे कपड्याला घालतात ती खळ. मी चाखलं. माणूस खोटं बोलत नव्हता.

मग स्वतःच सांगू लागले, की त्यांच्या तरुणपणी पोळ्याच्या आधी वावराच्या बांधावर वारुळाची अळंबी निघायची. मीठ-मिरचीत परतली की कोंबडीला मागे सारायची. पन्नास वर्षांपूर्वीची चव आहे, तिला किती धरायचं ते बघू. पण काम ठरलं : ती अळंबी, सूपमध्ये, दाढांशिवाय खाता येईल अशी.

मोजमाप : वाटी सरकवली की नापास. पुसून खाल्ली की पास.

अडचण : आई. "कुत्रानी छत्री शे ती. मन्हा चुल्हावर चालाव नही." चर्चा संपली. सूप मागच्या अंगणातल्या चुलीवर होणार, भांडी वेगळी. एक पातेलं, एक लोखंडी कढई आणि एक डाव शेडमधून आणला.

१६ जून, रविवार

रानातली अजून नाही, म्हणून तालीम बाजारातल्या बटन मशरूमवर. २०० ग्रॅमचा डबा.

नळाखाली धुतली, चिरली, सगळी एकदम कढईत लोटली. पाच मिनिटांत कढईत पाणीच पाणी आणि तुकडे त्यात पोहतायत. परतलं काहीच नाही, उकडली. अळंबीत नव्वद टक्के पाणी असतं हे माहीत होतं, पण ते बाहेर कधी येतं नि जातं कधी याचा विचार केला नव्हता. वर धुताना आणखी पाणी पाजलं.

फिकं लागेल या भीतीने अर्धा चमचा काळा मसाला टाकला. नानांनी अर्धी वाटी खाल्ली आणि म्हणाले, "आमटी बरी शे."

नापास. आमटी म्हणणं हा सूपचा अपमान आहे की आमटीचा, कळलं नाही. काळा मसाला या कामातून बाद. आपल्याकडे फिकं लागलं की हात आपोआप त्या डब्याकडे जातो, आणि तो पडला की खाली काय आहे ते कोणाला शोधता येत नाही.

१९ जून, बुधवार

पुन्हा २०० ग्रॅम बटन. या वेळी धुतली नाही, ओल्या फडक्याने पुसली. तीन घाण्यांत परतली, कढई आधी कोरडीच तापवून. तेल नंतर.

चुलीत पऱ्हाट्या होत्या. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ भडकून पेटतो आणि लवकर बसतो. स्वयंपाकाला त्याचा वैताग येतो, इथे तोच उपयोगी पडला. सुटलेलं पाणी सुटल्या सुटल्या उडून गेलं, कडा तांबूस झाल्या, आणि भाजल्या शेंगांसारखा वास आला. गॅसच्या छोट्या बर्नरवर हे झालं नसतं.

बेअरिंग तपासायची इन्फ्रारेड बंदूक कढईवर धरून पाहिली. लोखंडी कढईवर आकडा पटण्यासारखा येतो. स्टीलच्या पातेल्यावर खुळ्यासारखा कमी, कारण चकचकीत पृष्ठभागावर ही बंदूक फसते. उकळत्या पातेल्याला ४१ अंश दाखवले. बोट लावून खात्री करून घेतली, जी करायला नको होती.

२३ जून, रविवार

आज फक्त घट्टपणा. तीन पातेल्या, तेच पाणी, वेगळी पिठं.

मैदा : गुळगुळीत, पण टाळूला चिकटतो. मक्याचं पीठ : परत खळ. ज्वारीचं : घरात दादर जातीच्या ज्वारीचं पीठ होतं. दोन चमचे गार पाण्यात कालवून ओतलं. पहिली पाच मिनिटं कच्चा वास, काळजी वाटली. दहा मिनिटं मंद उकळल्यावर वास गेला आणि अंग आलं. मैद्यासारखं चकाकत नाही, किंचित रवाळ राहतं. पण चव ओळखीची आहे. नानांनी आयुष्यभर दादरची भाकरीच खाल्ली. गरम पाण्यात पीठ टाकायचं नाही, गाठी होतात. एकदा केलं, डावाने गाठी मोडत बसलो.

दादर ठरली.

५ जुलै, शुक्रवार

पुनर्वसू लागलं. रात्री ढगांचा गडगडाट, पाऊस मध्यम.

आमच्या जिनिंगला दर मोसमात सातपुड्यातून माणसं येतात. रोलरवर काम करणारा एक पावरा आदिवासी सोबती आहे, मी त्याला दादा म्हणतो, तो मला मिस्तरी. फोन केला. म्हणाला, "गाजलं ना रात्री? अजून दोनदा गाजू दे. मग ये."

पोरगी जळगावला बी.एस्सी.ला आहे, वनस्पतीशास्त्र. तिला सांगितलं तर तिने तासभर शिकवलं. वारुळाच्या अळंबीचं शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, हा वंश रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये वेगळा काढला. वाळवी पालापाचोळा नि लाकूड खाऊन वारुळाच्या पोटात त्याचा स्पंजासारखा गठ्ठा बांधते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तिनं मऊ करून दिलेलं खाते. म्हणजे वाळवीची शेती. पावसात त्या शेतातून देठ वर चढत येतो आणि जमीन फोडून छत्री उघडतो. माणसाला ही शेती अजून धंद्यापुरतीही जमलेली नाही, बटन मशरूमसारखी ती शेडमध्ये होत नाही. जिनिंगची दारं-खिडक्या खाणाऱ्या वाळवीबद्दल माझ्या मनात आजवर फक्त शिव्या होत्या.

शेवटी दम दिला : "पप्पा, दादा दाखवतील तीच घ्यायची. आणि तरी छत्रीतून गळणाऱ्या बीजाणूंचा कागदावर ठसा घ्यायचा."

१४ जुलै, रविवार

पहाटे मोटरसायकलने निघालो. चोपड्याहून उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याला. पुढची जागा लिहीत नाही. दादाने आधीच सांगितलं, "वहीत जागा लिहू नको, मिस्तरी. वही कोणाच्या हाती लागते सांगता येत नाही." वारूळ शाबूत राहिलं तर त्याच ठिकाणी दर वर्षी निघतात. ही त्याच्या घरची जमाखर्चाची गोष्ट आहे.

त्याच्या वावराचा बांध, अंजनाची दोन झाडं, मध्ये जमिनीत बसलेलं जुनं वारूळ. वर काहीच उंचवटा नाही, मी त्यावरून चालत गेलो असतो. पालापाचोळा बाजूला केला तर चाळीसेक छत्र्या. काही उघडलेल्या, काही अजून मिटलेल्या भाल्याच्या टोकासारख्या. ते मधलं टोकदार बोंड घट्ट असतं, त्यानेच माती फुटते.

मी एक धरून ओढली. देठ मध्येच तुटला. दादाची आई मागे उभी होती, तिनं नुसतं माझ्या हाताकडे पाहिलं. दादा खाली बसला. बोटं देठाला लावून जमिनीत सरकवली, हलकं पिळलं, आणि देठ येतच राहिला. वर बोटभर, खाली वीतभर मुळासारखा निमुळता, काळपट होत गेलेला. तो थेट खाली वाळवीच्या शेतापर्यंत जातो. खणायचं नाही. खणलं तर पुढच्या वर्षी काही नाही.

ओळखायचं कसं, विचारलं. त्याने चार गोष्टी सांगितल्या. वारूळ सोडून उगवलेली घ्यायची नाही. देठाच्या बुडाशी पिशवी किंवा वाटीसारखं कवच दिसलं तर सोडायची. हा लांब मुळासारखा शेपूट असलाच पाहिजे, म्हणून कापून घ्यायची नाही, मुळासकट काढायची. आणि आई नको म्हणाली की नको. त्याला तीन जाती ओळखता येतात, बाकीच्यांकडे तो बघतही नाही. मला हे फार आवडलं. आमच्यात मशीन सगळ्यांना येतं म्हणणारा फिटरच बोट गमावतो.

अर्ध्या ठेवल्या, अर्ध्या घेतल्या. दादाने सागाच्या पानात बांधून दिल्या. घरी वजन ४३० ग्रॅम. शेपट्या, माती, किडलेल्या दोन काढून ३१५.

१५ जुलै, सोमवार

रात्री एक छत्री देठ कापून कागदावर उपडी ठेवली होती. अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा, वर वाटी झाकली. सकाळी ठसा : फिकट, गुलाबी झाक असलेला सायीचा रंग. पोरीला फोटो पाठवला. बरोबर म्हणाली.

एक अख्खी, न शिजवलेली, कागदात गुंडाळून वेगळी ठेवली. काही झालंच तर डॉक्टरांना दाखवता येते. घरच्या फ्रिजला आईची बंदी, म्हणून जिनिंगच्या ऑफिसातल्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या बाटल्यांमागे. वर चिठ्ठी : हात लावू नये.

पहिलं सूप आज माझ्यासाठी, अर्धी वाटी. नानांना लगेच नाही.

चव लिहायला शब्द सापडत नाही. बटनसारखी मऊ नाही, देठाला कोंबडीच्या छातीच्या मांसासारख्या तारा. वास पहिल्या पावसाच्या मातीचा आणि थोडा भाजक्या शेंगदाण्याचा. एक खडाही दाताखाली आला. छत्रीच्या खालच्या पाकळ्यांत माती बसते, नुसतं पुसून भागत नाही. रानातल्या अळंबीला भरभर पाण्यातून काढणं भाग आहे, मात्र चिरण्याआधी, आणि लगेच फडक्यावर.

१६ जुलै, मंगळवार

तब्येत ठीक. नानांना दिलं. लिंबू पिळून वर दूध घातलं, आणि दूध फाटलं. पनीर झालं. चूक माझीच, उकळत्या सूपमध्ये आंबट आणि गार दूध एकाच वेळी. नानांनी तरीही खाल्लं, पण वाटी पुसली नाही. खालच्या चोथ्याकडे बघत बसले.

लिंबू बाद. उद्या एकादशी, आईचा चातुर्मास सुरू. कांदा-लसूण पण बंद, म्हणजे मागच्या अंगणातून लसणाचा वास आला तरी बोलणी.

२१ जुलै, रविवार

ही नोंद नीट लिहितो.

गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात, गवतात, पावसानंतर मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या निघाल्या होत्या. ताटाएवढ्या, वर तपकिरी खवले, देठाला कडं. दिसायला वारुळाच्यापेक्षा देखण्या. सात-आठ उचलल्या तर किलोभर भरल्या. पाय मोडून सातपुड्यात जायचं, आणि इथे घरापासून दोन किलोमीटरवर एवढा माल! जिनिंगचा रखवालदार म्हणाला, चांदीचं नाणं टाकून उकळा, काळं पडलं नाही तर बिनधास्त खा. त्याच्या गावी तसंच करतात म्हणे.

चांदी काळी पडते ती गंधकाने. अळंबीच्या विषाचा तिच्याशी काही संबंध नाही. लसूण टाकून बघणं, किड्याने खाल्ली म्हणजे चालते, हेही तसलंच.

माझी स्वतःची खात्री मात्र जवळजवळ झाली होती, हे लिहिलं पाहिजे. खालच्या पाकळ्या पांढऱ्या स्वच्छ होत्या. वास चांगला होता. वारूळ नव्हतं, शेपूट नव्हतं, दादाच्या चारपैकी दोन गोष्टी तिथेच नापास. तरी मी कढई काढून ठेवली. एक किलो हातात असला की माणूस नियमांना सवलती देऊ लागतो.

ठसा लावला. सकाळी वाटी उचलली तर पांढऱ्या कागदावर हिरवं. मेंदीच्या ओल्या पाल्यासारखं मळकट हिरवं, आऱ्यांसकट छापलेलं.

पोरगी फोनवर गप्प झाली. मग नाव सांगितलं : क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. कोवळी असताना पाकळ्या पांढऱ्याच दिसतात, बीजाणू पिकल्यावर हिरव्या होतात. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, म्हाताऱ्या माणसाला दवाखाना. म्हणाली, ही तरी लवकर सांगते. अमानिटा नावाच्या अळंब्यांतल्या काही जाती सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच कळू देत नाहीत. मग उलट्या, मग एक दिवस बरं वाटतं, आणि तोवर यकृत गेलेलं असतं. ते विष उकळून जात नाही. आणि त्यांचा ठसा पांढरा येतो, म्हणजे नुसता हिरवा नाही म्हणून पास, असंही नाही.

सगळ्या खड्ड्यात पुरल्या. कढई घासून ठेवली. रखवालदाराला कागद दाखवला. तो म्हणाला, पण चांदीचं नाणं कुठं टाकलं तुम्ही?

२८ जुलै, रविवार

दादाकडे दुसरी फेरी. ६०० ग्रॅमवर. सागाच्या पानात नीट बांधता येत नाही म्हणून मी शहाण्याने पॉलिथिनच्या पिशवीत भरल्या, डिकीत टाकल्या, वाटेत पावसामुळे दीड तास एका टपरीत थांबलो. घरी उघडलं तर आत वाफ, छत्र्या चिकट, मासळीसारखा वास. सगळा माल फेकला.

दादाला सांगितलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

तिसरी फेरी, काल. बांबूची टोपली, तळाला सागाची पानं, वर ओलं फडकं. २८० ग्रॅम, एकही खराब नाही. या मोसमातलं हे शेवटचं असेल, दादा म्हणतो. ठसा रात्री घेतला, सायीचा-गुलाबी. एक नग ऑफिसच्या फ्रिजमध्ये.

केलं ते असं.

छत्र्या आणि देठ वेगळे. शेपटीचा काळा भाग टाकला, बाकीचे देठ उभे चिरून ९०० मिली पाण्यात पाच-सहा मिरी टाकून वीस मिनिटं उकळले. पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं. गाळून घेतलं, पातेल्याच्या तळाचं बोटभर पाणी ओतलं नाही, रेती तिथेच बसते. देठ फेकले नाहीत, बारीक चिरून परत वापरले.

छत्र्या हाताने फाडल्या. सुरीने कापलेल्यापेक्षा फाडलेल्याच्या कडा जास्त तांबूस होतात. पऱ्हाट्यांचा जाळ, कोरडी कढई, चार घाण्या. पाणी उडाल्यावर एक मोठा चमचा शेंगदाण्याचं तेल, एक लहान कांदा, चार पाकळ्या लसूण. कांदा लाल करायचा नाही, नुसता मऊ. मीठ शेवटी, आधी टाकलं की पाणी परत सुटतं.

सगळं गाळलेल्या पाण्यात. दोन चमचे दादरचं पीठ गार पाण्यात कालवून, सतत ढवळत. दहा मिनिटं. अर्धं सूप रवीने घुसळलं, अर्धं तसंच ठेवलं. नानांच्या हिरड्यांना चालेल एवढे बारीक तुकडे त्यात राहू दिले, कारण काहीच चावायला नसलं तर त्यांना ते औषध वाटतं. पातेलं चुलीवरून उतरवून दोन मिनिटांनी कोमट म्हशीचं दूध, १५० मिली. फाटलं नाही. आंबट नव्हतं, आणि पीठ आधी शिजलेलं असलं की ते दुधाला सांभाळून घेतं. वर मिरपूड, बस. कोथिंबीर हातात घेतली होती, परत ठेवली.

नाना ओट्यावर बसले होते. पहिला घोट घेतला आणि थांबले. मला वाटलं खडा लागला. मग वाटी दोन्ही हातांत धरून, काही न बोलता, संपवली. बोटाने कडेकडेने फिरवून वाटी पुसली. मग म्हणाले, "आखो शे का?"

होतं. दुसरी वाटी खाताना त्यांनी सांगितलं, की त्यांची आई त्यात चिंच घालायची. म्हणजे आठवणीतली चव ही नव्हेच. पण पास.

१८ ऑगस्ट, रविवार

दादाने पाठवलेला अर्धा किलो वाळवायला घेतला. म्हणाला होता शेवटचं, आणि मग आणखी एका वारुळावर निघाल्या. दोऱ्यात ओवून शेडमध्ये बांधल्या. ऊन नाही, हवेत दमट. चौथ्या दिवशी एक तृतीयांश मालावर हिरवी बुरशी. बुरशीवर बुरशी. त्या काढून बाकीच्या शंभरच्या बल्बखाली जाळीवर पसरल्या, दोन रात्री.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. बैल आमच्याकडे नाही, शेजाऱ्याच्या जोडीला आईने पुरणपोळी दिली. वाळलेली अळंबी कडकडीत, मोडली की टक् आवाज येतो. वजन ३४ ग्रॅम. काचेच्या बरणीत.

१५ सप्टेंबर, रविवार

नानांची कवळी आली. पहिलं जेवण : शेवेची भाजी, कडक भाकरी, ठेचा. सूपचं नाव नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

रोलर चढवले. नव्या चामड्याच्या चकत्यांना खाचा पाडून झाल्या, पाच मशिनं रिकामी फिरवून पाहिली, तीन नंबरचं बेअरिंग ६८ अंशांवर जातं, बघावं लागेल. दादा आणि मंडळी पुढच्या आठवड्यात येतील. वही आता पुढच्या पानांकडून सुरू.

बरणी घरात घ्यायला आई तयार नाही, कार्तिकी एकादशीनंतरही नाही. म्हणून ती शेडच्या फळीवर आहे, ग्रीसच्या डब्याशेजारी. चिठ्ठी लावली : ग्रीस नव्हे. ३४ ग्रॅम. भिजवलेलं पाणी टाकू नये.